चादरीचं दुसरं टोक

फॉर्म तीन पानांचा होता आणि त्यातली दोन पानं सुरळीत भरून झाली. नाव, पत्ता, कामाला लागल्याची तारीख, कामाचं स्वरूप. मुलगी विचारत होती, तो सांगत होता, ती लिहीत होती. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"पगार थकलेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष हजर असलेले दिवस. किती लिहू, बाबा?"

त्याने पेनाचं टोपण उचललं आणि परत ठेवलं.

"कार्डावर सगळे दिवस भरलेत," ती म्हणाली. "तेच लिहिते."

"थांब."

"शुक्रवार शेवटचा दिवस आहे. मुदत संपली की कामगार कार्यालयात नोकरीवरून काढल्याचा दावा घेत नाहीत, मी दोनदा विचारून आलेय. तुम्ही आपले थांब थांब करत बसा."

पानाच्या तळाशी लिहिलं होतं, की वरील मजकूर खरा आहे आणि खोटा ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. ती ओळ त्याने दुपारपासून पाच वेळा वाचली होती.

एकोणीस वर्षं तो लाँड्रीत रोलरवर होता. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाडीने येत आणि गाडीने जात. रोलर म्हणजे खोलीएवढी लांब इस्त्री. तापलेले रूळ फिरत राहतात, ओली चादर एका बाजूने आत जाते आणि कडक होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. ती घालायला दोन माणसं लागतात. एकाने डावं टोक धरायचं, दुसऱ्याने उजवं, आणि दोघांनी एकाच वेळी सोडायचं. एकाला उशीर झाला तर चादर तिरकी जाते. ती सरळ करायला हात पुढे गेला, तर तो हात आपला राहत नाही.

डावं टोक त्याचं, उजवं ताईचं. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवशी ताई म्हटलं ते तसंच राहिलं.

त्या खात्यात एक रीत होती. कुणाच्या घरी अडचण निघाली की जोडीदाराने दोघांची हजेरीची कार्डं घड्याळात घालायची आणि रोजच्या चादरींचा आकडा लिहितात त्या वहीत दोघांच्या सह्या करायच्या. कुणी सुरू केली ते कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यावर कुणी बोलतही नसे. ताईच्या मुलीच्या बाळंतपणात त्याने दोन दिवस तेच केलं होतं. पुढे त्याच्या बायकोचे शेवटचे अकरा दिवस हॉस्पिटलात गेले, तेव्हा ताईने त्याच्यासाठी केलं. त्याने तिला कर म्हटलं नव्हतं. नको असंही म्हटलं नव्हतं.

त्याच महिन्यापासून पगार थांबला. पुढच्या महिन्यात देतो, असं दोनदा ऐकून झालं. तिसऱ्यांदा तो एकटाच वर जाऊन विचारून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं कार्ड जागेवर नव्हतं. वॉचमन खाली बघत म्हणाला, "वरून सांगितलंय, आत सोडायचं नाही." कागद नाही, कारण नाही, काही नाही.

बायको असती तर म्हणाली असती, लिहा की आहे ते, घाबरता कुणाला. ती होती तेव्हा घरात घाबरायचं काम त्याचं आणि बाकी सगळं तिचं. आता दोन्ही त्याच्याकडे आलं होतं.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. आवाज अगदी घरच्यासारखा.

"काका, दावा करताय म्हणे?"

"हो."

"करा, करा. हक्क आहे तुमचा. मी फक्त वही घेऊन येईन. अकरा दिवस दोन सह्या आणि अक्षर एकाचंच. तुमची नोकरी तर गेलेलीच आहे, काका. तिची अजून आहे. बघा बुवा."

मुलीने कोण होतं विचारलं, तर त्याने राँग नंबर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो लाँड्रीच्या मागच्या गल्लीत गेला. ताई पायरीवर डबा उघडून बसली होती. तिने डब्याचं झाकण त्याच्यासाठी पुढे केलं. दोघांनीही काही खाल्लं नाही.

"वही त्याच्याकडे आहे," तो म्हणाला.

"माहितीये. मलाही बोलावून दाखवली."

डबा आवरताना तिची बाही वर गेली. मनगटाच्या वर बोटभर रुंदीचा लाल, चकचकीत डाग होता.

"हे काय?"

"तेल उडालं."

"तेल असं पट्टीसारखं सरळ उडतं होय?"

तिने बाही खाली ओढली. "तुम्ही नव्हतात, त्यातल्या चौथ्या दिवशी झालं. तुमच्या टोकाला चिमटा लावून चालवत होते. चिमटा सुटला."

"मॅनेजरने बघितलं?"

"बघितलं. म्हणाला, मलम लाव आणि उरक, गाडी उभी आहे."

"मला सांगायचं नाही?"

"वहिनी तिकडे तशा. तुम्हाला काय सांगणार होते मी?"

त्याने झाकण तिच्या हातात दिलं. मग त्याने विचारलं, "आता कोण असतं तुझ्याबरोबर?"

"आहे एक नवीन," ती पटकन म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरी. तुमचं टोक एकोणीस वर्षं उशिरा सुटायचं, हेही लिहा त्या फॉर्मात." मग तिचा आवाज बारीक झाला. "दादा, दावा करा तुम्ही. पण माझं नाव नको. घरात पाच तोंडं आहेत आणि कमावती मी एकटी."

"नाही घेणार."

"शब्द द्या."

त्याने दिला.

शुक्रवारी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. हजर दिवसांतून अकरा वजा केले आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: या दिवशी मी हॉस्पिटलात पत्नीजवळ होतो. माझं कार्ड भरलेलं आहे, त्याची जबाबदारी माझी. या दिवसांचा पगार मी मागत नाही.

मुलीने वाचलं. "बाबा, आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा?"

"सही कुठे करायची ते दाखव."

कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने पगाराच्या जुन्या पावत्या आणि बँकेचं पासबुक तपासलं, शिक्का मारला आणि एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "मालकाला नोटीस जाईल. आधी तडजोडीची बैठक, नाही जमलं तर पुढे सुनावणी. ही चिठ्ठी हरवू नका."

मग तीन आठवडे. दारावर कुणी थाप मारली की तो आधी खिडकीतून बघायचा. पोलीस असेल, की ताईच्या घरचं कुणी असेल? रात्री झोप लागली तरी तळहात जागे असल्यासारखे वाटायचे.

बैठकीची खोली लहान होती. टेबलाच्या त्या बाजूला अधिकारी बाई, इकडे एका खुर्चीवर तो आणि एक खुर्ची सोडून मॅनेजर. मॅनेजरने वही उघडून बाईंच्या पुढे सरकवली. हवी ती पानं सापडावीत म्हणून त्याने आधीच कागदाचे कपटे घालून आणले होते.

"मॅडम, ही सरळ फसवणूक आहे."

बाईंनी फॉर्म चाळला. "हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय."

"मग सह्या कोणी केल्या ते विचारा ना."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "ते मी सांगणार नाही," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्याला पुन्हा सांगावं लागलं.

"मी सांगतो," मॅनेजर म्हणाला आणि त्याने ताईचं पूर्ण नाव घेतलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

त्याने डोळे मिटले. एवढा शब्द दिला होता आणि आपण एका खुर्चीच्या अंतरावर नुसते बसून राहिलो.

बाई पानं उलटत होत्या. "रोज आठशेच्या आसपास चादरी दिसतात. या अकरा दिवसांत पाचशे, साडेपाचशे. बरोबर?"

"हो. बघा किती नुकसान."

"मशीन दोन माणसांचं आहे ना?"

"हो."

"हे गृहस्थ नव्हते असं तुम्हीच म्हणताय. मग दुसरं टोक कोणी धरलं?"

बाई पुढची पानं उलटत राहिल्या, कपटे घातलेली आणि न घातलेलीही. शेवटी त्यांनी वही त्याच्याकडे फिरवली. "तुम्हाला काढल्यानंतरची ही पानं. इथे एकच सही कशी?"

त्याने बघितलं. त्याला गेटवर अडवलं त्या दिवसापासून कालपर्यंत उजव्या रकान्यात ताईची सही होती. डावा रकाना कोरा. नवीन बाईचं नाव कुठेच नव्हतं.

"वही मला परत लागेल," मॅनेजर हात पुढे करत म्हणाला.

बाईंनी वहीवर हात ठेवला. "वही इथे राहील. पावती देते."

तो उठून बाहेर व्हरांड्यात आला आणि त्याने ताईचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की फोन तिच्या एप्रनच्या खिशात असणार आणि दोन्ही हात चादरीवर. आवाजाने ती दचकली तर? तोडावा का? त्याचा अंगठा बटणावर आला आणि तिथेच राहिला. पाचवी रिंग. सहावी.

"दादा? हातात चादर आहे." मागे रोलरची घरघर होती.

"सोड ती. मशीन बंद कर."

"मॅनेजर ओरडेल."

"तो इथे पावतीसाठी थांबलाय. तू एकटी आहेस ना?"

"चिमटा लावलाय," ती म्हणाली.

"खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही दावा केला नसतात." मग तिने विचारलं, "माझं नाव निघालं?"

"निघालं. मी नाही घेतलं, पण निघालं."

घरघर चालूच होती. तो फोन कानाशी घट्ट दाबून उभा होता. मग खटका पडल्याचा आवाज आला. रूळ लगेच थांबत नाहीत. घरघर हळूहळू खाली उतरत गेली आणि थांबली.

"केली बंद," ताई म्हणाली. "आता काय करू? ते मला काढतील."

"हात धू आणि इकडे ये. दाव्याचे फॉर्म घेतात ती खिडकी पाचपर्यंत उघडी असते. मी इथेच उभा आहे."