सात नंबरच्या सांध्याखाली काय टांगलं होतं

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. हाडांचा नव्हे, रुळांचा. एका रुळाचे जिथे दोन फाटे होतात, तिथे मी बसतो. माझी दोन बारीक पाती डावीकडे सरकली की गाडी स्टेशनात शिरते, उजवीकडे सरकली की थेट पुढे जाते. गाडी खेळातली आहे, डबा तळहाताएवढा. पण म्हणून मला कमी लेखू नका. मला संगणक हुकूम देतो, आणि मला हलवणारी चिमुकली मोटर माझ्या पोटाखाली, फळीच्या खालच्या अंगाला लावलेली आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी कुवेतच्या एका दुकानात आलो. नियाज तिथे एसी दुरुस्त करायचा. दर सुट्टीला तो माझ्यासारखे दोन-तीन सांधे शर्टांच्या घडीत गुंडाळून आणायचा. दोन हजार नऊ साली तो कायमचा पनवेलला परतला आणि करंजाड्याच्या घरात आतल्या खोलीत त्याने ही भलीमोठी फळी मांडली. माझ्या शेजारी पांढऱ्या रंगाने सात आकडा रंगवला. पाहुणे आले की म्हणायचा, "सात नंबर बघा, कसा झटकन वळतो!" मी तेव्हा फारच फुशारलो होतो, कबूल करतो.

मग दोन हजार अकराचा मे महिना आला. उरणहून नियाजचा दोस्त जीवन कोळी आला आणि दरवर्षीसारखी पावसाळ्याच्या बेगमीची पिशवी घेऊन आला. पिशवीत खारे बांगडे. आता नियाजला ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी खारी मासळी बंद केलेली, आणि साबिराने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती घरातूनच हद्दपार केलेली. जीवन हळूच म्हणाला, "वैनीला सांगू नको. आन खाली ठेवू नको, टांगून ठेव. मुंग्या नाय लागनार."

नियाजने ती कुठे टांगावी? फळीच्या खाली, माझ्या मोटरीशेजारच्या खिळ्याला! पुढे पडदा सोडलेला, कोण बघतंय?

शी! ती आठवणच नको. पावसाळी हवेत त्या बांगड्यांना पाणी सुटलं. खारट, चिकट, कुबट. पिशवी फुगली, मोटरीला टेकली आणि ते पाणी माझ्या तांब्याच्या जोडांवर पाझरत राहिलं. साबिरा माहेरी गेली की नियाज हात घालून एक बांगडा काढायचा, तळून खायचा आणि तेच बोट माझ्या पात्यांना लावून म्हणायचा, "हल की रे बाबा!" माझे जोड हिरवे कळकले होते. हलणार कसा? जेमतेम अर्ध्यात जायचो आणि तिथेच अडकायचो. गाडी घसरायची.

त्याच वर्षी नियाजच्या मुलीने, आलियाने, डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी आम्हाला चालवणारा प्रोग्राम लिहिला होता. 'सात, डावीकडे' असा हुकूम सुटला की संगणकाच्या पडद्यावर हिरवा बाण उमटायचा. मी हललो की नाही, याची त्या संगणकाला कसलीच खबर नाही. हुकूम दिला म्हणजे काम झालं, असं समजणारी ती जात. बाण हिरवा आणि गाडी आडवी! बिचारी आलिया प्रोग्राम पुन्हापुन्हा तपासत बसायची.

नियाजने माझ्यावर काय काय प्रयोग केले म्हणून सांगू? शिवणयंत्राचं तेल ओतलं. त्यावर धूळ बसून चिखल झाला. मग पॉलिश पेपरने घासलं. पात्याच्या फटीत आगपेटीची काडी खुपसली. सगळं वरून. खाली वाकून बघायला काय झालं होतं? बरोबर, खाली त्याचे बांगडे होते. तिकडे त्याला बघायचंच नव्हतं.

दिवाळीनंतर तोंडी परीक्षा होती. फळी दारातून बाहेर निघत नव्हती, म्हणून तिच्या कॉलेजचे वाजेकर सर परीक्षा घ्यायला घरीच येणार होते. सोमवारी नियाजने त्यांना फोन लावला. "सर, पोरीचा प्रोग्रामच कच्चा आहे. शुक्रवारपर्यंत मुदत द्या." आलिया दारातच उभी होती. तिचा चेहरा असा उतरला की मला रुळांसकट उखडून पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने एक शहाणपणाचं काम केलं. प्रोग्रामला हात न लावता संगणकापाशीच्या तारा अदलून चार नंबरच्या सांध्याला माझा नंबर दिला आणि मला त्याचा. मग हुकूम सोडला, "सात!" चार नंबरवाला खटकन वळला. "चार!" मी अर्ध्यात अडकलो. म्हणजे हुकूम नीट पोचत होता, खोट माझ्यापाशीच होती. तिने टॉर्च घेतला, पडदा सारला आणि जमिनीवर आडवी झाली.

"अब्बा, हे काय?" ती नाक दाबून म्हणाली.

नियाज धावत आला. पिशवी बघून त्याचा चेहरा पडला. "हळू बोल," तो कुजबुजला. "अम्मी ऐकेल."

एवढंच! माफी नाही, काही नाही. त्या बांगड्यांपेक्षा मला त्या वाक्याची जास्त किळस आली. पिशवी गुपचूप बाहेर गेली. आलियाने माझे जोड स्पिरिटने पुसले, तारा पुन्हा जागच्या जागी लावल्या आणि मी पूर्वीसारखा वळू लागलो. अब्बा सरांना खरं सांगतील म्हणून ती तीन दिवस वाट बघत राहिली. नियाजने सरांना फोन काही केला नाही.

शुक्रवारी वाजेकर सर आले. बसताबसताच म्हणाले, "मग, प्रोग्राम दुरुस्त केलास का?"

नियाज घाईने मध्येच बोलला, "हो सर, पोरीने दोन दिवस बसून केला. फार हुशार आहे!"

मित्रांनो, असलं कौतुक ऐकून माझी पाती शहारली. माणूस स्वतःचा गुन्हा लपवायला पोरीची पाठ थोपटत होता!

"नाही सर," आलिया म्हणाली. "मी एक ओळही बदललेली नाही."

"मग दोष कशात होता?"

आलियाने मान वळवली. ती अब्बांकडे बघत राहिली. साबिरा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. हा नियाज आता सगळा दोष दमट हवेवर ढकलणार, याची मला खात्रीच होती.

"माझ्यात," नियाज म्हणाला. "खारे बांगडे मीच खाली लपवले होते, सर. त्यानेच मोटर कळकली. फोनवर मी पोरीचं नाव घेतलं, ते खोटं होतं."

"बांगडे?" साबिराने ट्रे ठेवला. "या अल्ला! गोळ्या मी मोजून देते, आणि तुम्ही हे?"

सर हसले नाहीत. "चालव गाडी," ते आलियाला म्हणाले. आलियाने माउस अब्बांच्या हातात दिला. "सात नंबर तुम्ही फिरवा." मी झटकन डावीकडे वळलो आणि गाडी स्टेशनात शिरली.

मित्रांनो, तुमचं यंत्र अडलं तर वरून तेल ओतत बसू नका, खाली वाकून बघा. आणि ज्याच्यापाशी तुम्ही कुणाला खोटा दोष दिला असेल, त्याच्यापाशी जाऊनच तो परत घ्या. नियाजला ते शुक्रवारी सुचलं. आलियाने ते सोमवारपासून सोसलं होतं.