बहिऱ्यासमोरचं बोलणं

डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात वर्तमानपत्र दिलं आणि मोठ्याने वाचायची खूण केली. म्हातारा संथपणे वाचू लागला. डॉक्टरांनी बटण फिरवून हेडफोनमध्ये खरखर सोडली. ठार बहिऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. म्हाताऱ्याचा आवाज मात्र खरखरीबरोबर चढत चढत पार बेंबीच्या देठापासून येऊ लागला आणि बटण मागे फिरताच खाली आला.

असली सोंगं उघडी पाडण्यात डॉक्टरांचा हातखंडा होता. त्यांनी हेडफोन काढले.

"काय आजोबा, बहिरेपण रजेवर गेलं वाटतं?"

म्हाताऱ्याने बंद दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर मुलगा आणि सून बसली होती.

"पोराला सांगू नका," तो पुटपुटला. "बहिरा समजून दोघं माझ्यासमोर मोकळं बोलतात. आज दुधात गोळ्या घालायच्या की नाही, ते माझ्यासमोरच ठरतं. घालायचं ठरलं की मी दूध मोरीत ओततो."

"अहो, वय झालं की असं काहीबाही मनात येतं. तुम्हाला ऐकू येतंय म्हटल्यावर लेकाला आनंदच होईल."

म्हाताऱ्याने त्यांचं मनगट धरलं. डॉक्टरांनी ते हसत सोडवून घेतलं. पकडलेलं सोंग चारचौघांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी दार उघडून दोघांना आत बोलावलं.

"काळजी मिटली. वडिलांचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा तिखट आहेत."

मुलगा हसला नाही.

"म्हणजे घरात बोललेलं सगळं कळत होतं यांना?"

"सगळं."

"तरी मी म्हणत होते तुम्हाला," सून हळूच नवऱ्याला म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टरांनी खुर्चीत बसून घाईने केसपेपर पुढे ओढला.

"दोन दिवस इथेच ठेवू या त्यांना. आणखी काही तपासण्या करून घेऊ."

"कशाला? काळजी मिटली, असं तुम्हीच म्हणालात ना." मुलाने वडिलांना दंडाला धरून उठवलं. "चला बाबा."

डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले, तसेच राहिले.

दाराशी सुनेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मुलाने नुसती मान हलवली. तिने ओठ मिटून घेतले.

म्हातारा एकदा याच्या, एकदा तिच्या ओठांकडे बघत त्यांच्या मधोमध चालत गेला.