भिंतीवर कागद नव्हता

“कागद लागला नाही, आणि खड्डा कसा काय खणतात रे?” आक्कानं शिलाई मशीन थांबवून विचारलं. तिच्या खिडकीबाहेर, हाताच्या अंतरावर, जेसीबी जमीन उकरत होता.

डिंकभाऊ दारातच उभा राहिला. बहिणीला काय सांगायचं, ते त्यानं वाटेत दहादा घोकलं होतं. आता एक शब्द आठवेना.

तो नगररचना कार्यालयातला शिपाई. खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, कारण खळीचा डबा घेऊन भिंतींवर बांधकामाच्या नोटिसा चिकटवण्यात त्याची उभी हयात गेली होती. नुसती चिकटवून तो कधी परतला नाही. आजूबाजूची दारं ठोठावायचा, नोटीस वाचून दाखवायचा आणि वर दटावायचा, “हरकत असेल तर आत्ता बोला. मागाहून बोंबललात तर मी ऐकायला येणार नाही!” हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. खोड म्हणा हवं तर. पण त्या खोडीमुळं गल्लीनं एक आडाखा पक्का करून ठेवला होता: डिंकभाऊ आला नाही, म्हणजे कुठं काही बांधत नाहीत.

“नियम बदललेत, आक्का. नोटीस आता वेबसाइटवर टाकतात. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांची संमती धरतात.”

“आणि तू?”

“मला आवक-जावकला बसवलंय.”

नियम बदलले तेव्हा त्याला हायसंच वाटलं होतं. उन्हातान्हातली पायपीट सुटली, गुडघे सुखावले. बहिणीच्या खिडकीपुढं सात मजले चढणार, हे आज सकाळी साहेबांच्या टेबलावरचा नकाशा पाहून कळलं. त्यानं साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. साहेब वाईट माणूस नव्हता. “अरे, मुदत गेली. मी तरी काय करू?” म्हणाला.

“म्हणजे उजेड गेलाच,” आक्का म्हणाली. नवरा गेल्यापासून त्या उजेडावर तिनं शिवणकाम करून घर चालवलं होतं. दिव्याखाली तिला आता सुईचं नाक दिसत नव्हतं.

एव्हाना गल्ली दारात जमली होती. कोपऱ्यावरचा किराणावाला पुढं झाला. “घरचा माणूस ऑफिसात, आणि आम्हाला पत्ता नाही? किती घेतलेस, डिंकभाऊ?”

आक्का ताडकन उठली. “त्याला काय विचारता? त्याला तरी कुणी विचारलं होतं का?”

डिंकभाऊला फार लागलं. तिनं चारचौघांत त्याला शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

माणसं पांगली. शेजारच्या आजोबांनी जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “झालं ते झालं. पुढच्या वेळी मात्र आधी सांग हो.”

“सांगेन ना,” डिंकभाऊ म्हणाला, आणि खाली वाकून चपला शोधू लागला. त्या त्याच्या पायातच होत्या.