बंद खोलीतला मंगळ

“लाइट गेली की आधी बाळ उचलायचं, मग मला हाक मारायची.”

दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरचं हे बोलणं चाळीस वर्षांनी जानकीबाईंच्या कानात पुन्हा उमटलं, तेव्हा देवासच्या त्यांच्या स्वयंपाकघरात नात ईशानी ओट्यावर वाट्या मांडून ग्रह समजावत होती.

“हा चांद. जवळ आहे, पण हवाच नाही. हा टायटन, शनीचा चंद्र. तिकडे पाणीसुद्धा दगड होतं. हा शुक्र...”

“शुक्र तर शुभ गं!”

“कढईत पडल्यासारखं होईल, आजी! म्हणून आमच्या टीमने राहायला मंगळ फायनल केला. पण तिकडेही श्वास मशीनचाच.”

“म्हणजे कुठेही जा, पेटीतच राहायचं?”

“हो ना. त्याचीच तर प्रॅक्टिस. सोमवारपासून धारच्या कॉलेजात बारा दिवस सीलबंद खोली.”

जानकीबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. दवाखान्यात नर्स असताना अपुऱ्या दिवसांची बाळं त्यांनी काचेच्या पेटीत सांभाळली होती. एका दुपारी लाइट गेली आणि त्या आधी हाक मारायला धावल्या; बाळ पेटीतच राहिलं. पुढचं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

“दार आतून उघडतं ना?”

“उघडतं. पण उघडलं की एक्सपेरिमेंट फेल.” ईशानी हसली. मग हळूच म्हणाली, “मला पण भीती वाटते गं. पप्पांना नको सांगू. दार लावतील तेव्हा तू समोर पाहिजेस. येशील?”

“येईन,” त्या बोलून गेल्या, आणि मग आठवलं, चातुर्मास लागला होता. चातुर्मासात देवासची शीव ओलांडायची नाही, हा त्यांचा नेम होता. ईशानी जन्मली तेव्हा तिच्या सुखरूपतेसाठीच धरलेला. एकोणीस वर्षं झाली. सख्ख्या भावाच्या तेराव्यालाही त्या बदनावरला गेल्या नव्हत्या.

त्यांनी नारायणराव गुरुजींना विचारलं. “वहिनी, नेम मोडला तर जिच्यासाठी धरला तिच्यावरच येतं, असं म्हणतात,” ते म्हणाले. “बघा बुवा.”

दोन रात्री जानकीबाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी पूजा झाल्यावर त्यांनी देवापुढे डोकं टेकलं. “जे काय असेल ते माझ्यावर घाल. पोरीला मध्ये आणू नकोस.”

मग छत्री घेतली, दाराला कुलूप लावलं आणि शेजारच्या अंजूच्या हातात किल्ली दिली.

“इतक्या सकाळी किधर, काकू?”

“धारला जाऊन येते गं जरा,” त्या म्हणाल्या, आणि बस स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.