कोमट घास

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे, पण मला पाहिलेत तर तुम्ही मला पटकन चमचा म्हणणार नाही. माझ्या दोन्ही कडा वर वळवलेल्या आहेत आणि टोक पन्हळीसारखे निमुळते झाले आहे. माझ्याने साखर ढवळता येते, पण माझ्याने जेवता येत नाही. ज्यांच्या तोंडात जाण्यासाठी मला असे वाकवले, त्यांना ओठच नव्हते. सध्या मी पाखरांच्या खोलीच्या खिडकीबाहेर, रंगाच्या रिकाम्या डब्यात उभा असतो. कुणाला एखादे झाकण उचकटायचे झाले तरच माझी आठवण होते.

मी एका संचातला. कारखान्यात पत्र्याच्या लांब पट्टीवर ठोसा बसला आणि आम्ही एकसारखे सहा भाऊ खाली पडलो. पुढे एका लग्नात भेट म्हणून आलो आणि स्वयंपाकघराच्या खणात राहू लागलो. त्या घरचे मालक फिटर होते. एके दिवशी त्यांनी खणातून मलाच का उचलले, ते मला ठाऊक नाही. त्यांनी मला गॅसवर धरून लाल केले आणि पकडीने माझ्या कडा दुमडल्या. त्या दिवशी मला माझा स्वभाव कळला. माझी वाटी पातळ आहे, ती चटकन तापते आणि चटकन निवते. माझी दांडी मात्र लांब आहे. वाटी पोळत असली तरी दांडीच्या टोकाला ते कळायला वेळ लागतो. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा.

मालकांच्या पत्नीला सगळे ताई म्हणत. ताईंनी मागच्या खोलीत पोपट पाळले होते. भिंतीभर पिंजरे, खाली दाण्यांची टरफले, कोपऱ्यात बल्ब लावलेले लाकडी खोके. पोपटाचे पिल्लू माणसाने भरवले तरच ते माणसाच्या हातावर बसते, आणि हातावर बसणाऱ्या पोपटालाच गिऱ्हाईक असते. म्हणून पिल्लांचे डोळे उघडून थोडे दिवस झाले की ताई त्यांना घरट्यातून काढून घेत. मग नर आणि मादी रिकाम्या पेटीत डोके घालून ओरडत राहत. ताई रेडिओ मोठा करत. "ओरडतील नि विसरतील," असे त्या म्हणत, आणि ती पाखरे खरोखर एक दिवस गप्प होत. ती विसरत होती की थकत होती, ते मी सांगू शकत नाही.

पिल्लांना मग मीच भरवायचो. एका वाटीत पीठ पाण्यात पातळ कालवायचे, ती वाटी गरम करायची आणि माझ्या पन्हळीतून घास द्यायचा. पोपटाची आई आपल्या गळ्याखालच्या पिशवीतले अन्न पिल्लाला देते. ते तिच्या अंगाइतकेच ऊन असते. पिल्लाला खाण्याची एवढीच ओळख असते. घास त्याहून गार असला तर ते खाणे आहे हे पिल्लाला कळतच नाही. ते चोच मिटून घेते.

ताईंना हे कुणी शिकवले नव्हते, त्यांच्या करंगळीला ते येत होते. त्या करंगळी वाटीत बुडवत, क्षणभर थांबत आणि मला म्हणत, "कोमट आहे, भरव." त्यांचे बोट कधी चुकले नाही. दुसरे पोपटवाले आपली रुसलेली पिल्ले त्यांच्याकडे घेऊन येत. त्यांना पाखरांची आई म्हणत. आणि जाताना माझ्याकडेही बघत. "हाच का तो चमचा?" असे कुणी विचारले की मला माझ्या खणातल्या भावांची थोडी कीव येई.

मग मालक गेले. मागून ताईंना साखरेचा आजार जडला. आधी त्यांच्या पायांना मुंग्या येत, मग हातांना येऊ लागल्या, आणि मग त्या यायच्याही थांबल्या. हे सगळ्यांत आधी मला समजले. एकदा त्यांनी मला उकळत्या पाण्यातून चिमट्याशिवाय बाहेर काढले आणि त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. शेजारीण म्हणाली, "ताईंचा हात म्हणजे हात आहे, पोळतसुद्धा नाही." ताई हसल्या. त्यांनी ते कौतुक ठेवून घेतले. करंगळी वाटीत बुडत राहिली आणि "कोमट आहे" हे शब्दही येत राहिले. त्या बोटाला आता काही कळत नव्हते, हे ताई कुणालाच सांगत नव्हत्या. स्वतःलाही सांगत नसाव्यात.

त्याच सुमारास ताईंची धाकटी बहीण एक पिशवी घेऊन आली. तिने नवऱ्याचे घर सोडले होते आणि जायला दुसरे घर नव्हते. ताईंनी पिशवीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "राहा. पण इथे मिळेल ते मुकाट्यानं खायचं. पाखरांनाही तोच नियम आहे."

नियम खरोखरच होता. जे पिल्लू चोच मिटेल ते रांगेत शेवटी. त्याचे नखरे उपाशीपोटी उतरतील, अशी ताईंची समजूत होती. त्या वेळच्या पिल्लांत एक धष्टपुष्ट होते, त्याला सगळे पैलवान म्हणत आणि त्याचा नंबर नेहमी पहिला असे. एक बारीक होते. त्याने एकदा चोच मिटली आणि ताईंनी त्याचे नाव राणीसाहेब ठेवून त्याला शेवटी टाकले.

मित्रांनो, आता नीट ऐका. वाटी एकदाच गरम होई. पैलवानाला घास ऊन मिळे, दुसऱ्याला बरा, तिसऱ्याला जेमतेम. राणीसाहेबांपर्यंत पोचेपर्यंत वाटी निवलेली असे आणि मी तर केव्हाच गार झालेला असे. राणीसाहेब चोच मिटत. चोच मिटली म्हणून पुढच्या वेळीही त्या शेवटी. शेवटी म्हणून पुन्हा गार. ताई करंगळी बुडवून म्हणत, "कोमट तर आहे. हिचा माजच उतरत नाही." मी त्या गार पिठात बुडालेला असे आणि मला तोंड नव्हते.

मग जबरदस्ती सुरू झाली. धाकटी पिल्लाला फडक्यात धरी आणि ताई माझे टोक चोचीच्या फटीत घालून पिरगळत. चोचीच्या कडेला चीर पडली.

"जरा हळू, ताई," धाकटी म्हणाली.

"का, तुझी मैत्रीण वाटतं ही? दोघी सारख्याच. चांगलं पुढ्यात आलं की तोंड मिटायचं."

"मी कुठे काय बोलले?"

"तेच ना. तिकडेही अशीच घुम्यासारखी बसली असशील. कोण ठेवून घेणार?"

धाकटीने फडके सैल केले.

एके दिवशी एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई पिल्लू पसंत करायला आल्या. पैलवान पंख झाडत होता, इतर ओरडत होती. राणीसाहेब कोपऱ्यात मान टाकून बसल्या होत्या. बाईंना त्याच आवडल्या. "ही किती शांत आहे. मला हीच हवी. पिसं फुटली की न्यायला येते." त्या गेल्यावर ताई मनापासून हसल्या. "शांतच असणार. ओरडायला पोटात काही हवं ना? हिला आता जगवायला हवं, शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना दवाखान्यात जायचे होते. जाताना त्यांनी बजावले, "आधी पैलवान, मग बाकीची, शेवटी राणीसाहेब. खाल्लं नाही तर दुपारचंही बंद."

पण त्या सकाळी राणीसाहेब खोक्याच्या तोंडाशीच पडल्या होत्या. त्यांना हलवायचे धाकटीच्या जिवावर आले. मी नुकताच गरम पाण्यातून निघालो होतो आणि वाटी शेगडीवरून उतरली होती. धाकटीच्या बोटाला ताईंसारखी ख्याती नव्हती, म्हणून तिने घास आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला. मग तो राणीसाहेबांच्या चोचीशी नेला.

चोच उघडली. मान वरखाली होऊ लागली, आईच्या चोचीतून खाताना होते तशी. त्या चोचीने माझी कड इतकी घट्ट धरली की दांडी धाकटीच्या हातात थरथरली. गळ्याखालची पिशवी हळूहळू फुगली. पैलवानाचा नंबर त्या दिवशी शेवटी लागला. आणि मित्रांनो, वाटी निवल्यावर त्या पैलवानानेही चोच मिटली. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तिने वाटी गरम पाण्यात ठेवली, थोड्या वेळाने पुन्हा मनगटाला घास लावला आणि पैलवानाला दिला. त्याने खाल्ला.

ताई परतल्या तेव्हा धाकटी दारातच उभी होती. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलली.

"ताई, अगं, तिचा हट्ट नाहीये. शेवटपर्यंत वाटी गार होते, म्हणून खात नाही."

ताईंनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. "म्हणजे मी गार भरवते."

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेस. इतकी वर्षं पाखरं मी जगवली, आणि तू एका सकाळीत शिकलीस. एवढी अक्कल होती तर स्वतःचं घर का नाही टिकलं?"

संध्याकाळी ताईंनी स्वतः वाटी गॅसवर ठेवली आणि ज्योत मोठी केली. "राणीसाहेबांना ऊन ऊन लागतं म्हणे. आज पहिला मान त्यांचा." त्यांनी मला वाटीत घातले. मालकांनी मला वाकवले होते, त्यानंतर मी एवढा कधी तापलो नव्हतो.

"ताई, वाफ दिसते गं," धाकटी म्हणाली.

"सकाळपर्यंत गार होतं, आता गरम झालं. तुझं नि तिचं काय ते एकदा ठरवा."

"बोट तरी घालून बघ."

ताईंनी तिच्या डोळ्यांत बघत करंगळी वाटीत घातली, पेरभर नाही, सगळी. ती तिथेच ठेवली. "कोमट आहे. भरव."

धाकटीने मला उचलले. माझ्या दांडीचे टोक गार होते. सकाळसारखे तिचे मनगट पुढे आले.

"माझ्या बोटावर विश्वास नाही?" ताई म्हणाल्या. "नसेल तर सांग. दार उघडंच आहे."

धाकटीचे मनगट मागे गेले. पोळत असते तर बोट एवढा वेळ आत कसे राहिले असते? असाच विचार तिने केला असणार. तुम्हीही तोच केला असता.

राणीसाहेबांनी सकाळची आठवण ठेवली होती. त्यांनी मला ओळखले. चोच मोठी उघडली, मान वरखाली केली आणि सगळा घास एका दमात आत घेतला. भुकेलेले पिल्लू घास तोंडात थांबवून पाहत नाही. मग मान एकदम थांबली. डोके दोनदा झटकले गेले.

"बघ, नाटकं," ताई म्हणाल्या.

त्यानंतर ती चोच माझ्यासाठी पुन्हा उघडली नाही. गळ्याखालची कातडी आधी लाल झाली, मग काळपट, आणि मग तिथे भोक पडले. थेंबाथेंबाने पाजलेले पाणी त्यातून बाहेर येई. एका दुपारी धाकटीच्या ओंजळीत सगळे संपले. तिने ओंजळ बराच वेळ तशीच धरली, कारण पिल्लू अजून गार झाले नव्हते.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. घास भरवला त्याच्या दुसऱ्या सकाळी ताई पीठ कालवत होत्या. धाकटीची नजर त्यांच्या हातावर गेली. करंगळी सुजली होती आणि मुळापासून टोकापर्यंत मोठा फोड आला होता. त्याच बोटाने त्या पीठ ढवळत होत्या.

"ताई, तुझं बोट."

ताईंनी पाहिले. दुसऱ्या हाताने त्यांनी तो फोड दाबला. तो फुटला, पाणी आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हलले नाही. दोघी बहिणी त्या बोटाकडे पाहत उभ्या होत्या. रेडिओ चालू होता.

"कशानं तरी कापलं असेल," ताई म्हणाल्या आणि पट्टी बांधायला आत गेल्या.

मुख्याध्यापिकाबाई आल्या तेव्हा ताईंनी त्यांच्यापुढे पैलवानाला ठेवले. "तुमची ती गेली हो. बहिणीनं गरम भरवलं. नवीन आहे, कळत नाही तिला." धाकटी शेजारीच उभी होती. बाईंनी तिच्याकडे जसे पाहिले, तसे माणूस माणसाकडे पाहत नाही. धाकटीने तोंड मिटून घेतले.

घात माझ्यामुळे झाला, असे ताईंनी घरात ठरवले. मला खिडकीबाहेर टाकले आणि भरवायला प्लास्टिकची पिचकारी आणली. कौतुक करणारे आता पिचकारीकडे बघतात.

खिडकीतून मला आतले दिसते. नवी पिल्ले आली आहेत. ताई अजूनही करंगळी वाटीत बुडवतात आणि म्हणतात, "कोमट आहे, भरव." मग त्या पाठ फिरवून पिंजऱ्याची कडी बघू लागतात. कडीला काहीही झालेले नसते. तेवढ्यात धाकटी पिचकारीतला थेंब मनगटावर घेते, थांबते, वाटी गरम पाण्यात ठेवते किंवा बाहेर काढते, आणि पुन्हा थेंब घेते. कडी बघून व्हायला ताईंना तेवढाच वेळ लागतो. पिल्ले खातात. लोक ताईंच्या हाताची वाहवा करतात. ताई प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला न चुकता सांगतात, "हिनं एकदा पिल्लू पोळून मारलं होतं, म्हणून मी स्वतः बघते."

मित्रांनो, मला आता कुणी उचलणार नाही आणि मी त्याबद्दल रडतही नाही. एकच मागतो. तुमच्यासमोर कुणी तोंड मिटून बसले, पाखरू असो, धाकटे भावंड असो की घरात उशिरा आलेले माणूस असो, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी तो घास आपल्या मनगटाला लावून बघा. बोटाला नाही, मनगटाला. आणि कुणी दार उघडे आहे म्हणाले, तरी लावून बघा.