कानासमोरचा ठोका

"अवो, पाणी पाहिजे का चहा? तोंडानं सांगा ना!"

हे खाटेवर बसून नुसते माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. जरीपटका वस्तीत यांच्या दोस्ताच्या, ओमप्रकाशभाऊंच्या नातवाचं बारसं आटोपून आम्ही दोघं आत्ताच ऑटोने परतलो होतो.

संजीवची बायको, आमची सून हर्षा, स्वयंपाकघरातून धावत आली आणि किंचाळलीच. "आई, दुपट्टा! इतका कसून काहून बांधला?"

माझा हात गाठीकडे गेला.

आमच्या नागपुरात मे महिन्यात कान बांधल्याशिवाय कोणी माणसाला उंबरा ओलांडू देत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला ते शिकवलं. कानात लू, ती उन्हाची गरम हवा, शिरली की माणूस गेला, म्हणायच्या. सत्तेचाळीस वर्षं मी यांचे कान बांधत आले. आजही बांधले. गच्च.

पण महिन्यापूर्वी यांच्या मेंदूची बायपास झाली होती. आतली नस अरुंद झाली म्हणून कानासमोरची, कातडीखालची नस कवटीतून आत नेऊन डॉक्टरांनी मेंदूतल्या नसेला जोडली होती. घरी सोडताना बजावलं होतं, तिथे काही घट्ट नको, चष्म्याची काडीसुद्धा नको. पाणी भरपूर प्यायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. बोलणं अडखळलं तर वाट बघत बसायचं नाही. मला सगळं पाठ होतं. पण दुपट्टा त्यात धरायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. तो तर मी काळजीने बांधला होता.

गाठ सोडून मी कानासमोर बोट टेकवलं. ठोका लागला. पण तो त्यांचा की माझ्याच बोटातला, कळेना.

"संजीवले फोन कर वं!"

"केला. ते तिकडंच येऊन राहिले. तुमी चला आधी."

दवाखान्यात डॉक्टरांनी छोटं यंत्र कानाजवळ लावलं. सूं सूं आवाज आला. "रक्त वाहतंय," ते म्हणाले. स्कॅनमध्येही नवीन काही दिसलं नाही. "दाब पडला, त्यात उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं असेल. सलाईन लावतो. बोलणं कितपत परत येतं, ते बघू."

कितपत! तो शब्द मी संध्याकाळपर्यंत चघळत बसले.

दिवेलागणीला शामला सिस्टर कागद घेऊन आली.

"बाबा, आज वार कोणता?"

"बु... बुधवार."

"मूळ गाव?"

"उमरेड."

माझा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात तिने माझ्याकडे बोट केलं. "या कोण? नाव सांगा."

हे गप्प. तिने कागदावर पेन टेकवलं.

"थांबा बाई," मी म्हटलं. "आमच्यात नवरा बायकोचं नाव नाही घेत."

"मग आठवलं का नाही, मले कसं समजन आजी?"

मलाही कुठे समजत होतं? घरात हातमाग होता तेव्हा त्याच्या खडखडाटातही यांची हाक 'अवं' एवढीच. माझं नाव यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं.

मी वाकले. "घ्या ना वो एकडाव. आता लाज कायची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. घसा खाकरला. तुटलेले धागे सांधावे तसा एकेक शब्द आला.

"माईत... हाये. घेत... नाही."

शामला पेन तसंच धरून उभी राहिली. काय लिहावं, तिला सुचेना.