फुम्मणसाठी हाड

मी शाकाहारी, बीजी माझ्याहून शाकाहारी, आणि सत्त्याऐंशीच्या वसंतात आम्ही दोघी हाडं शोधत हिंडत होतो. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

बीजी म्हणजे सेक्टर तीसमधल्या आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या गुरमेलसिंगची आई. हिवाळ्यात तरनतारनकडच्या खेड्यातून लेकाकडे आल्या, त्या शालीत गुंडाळून एक कुत्रा घेऊनच. पांढरा, केसाळ, मांजराहून जरासा मोठा. नाव फुम्मण, म्हणजे गोंडा. आवाज मात्र अंगाच्या चौपट. सून गरोदर, मांसाच्या वासानं तिला उमासे यायचे, म्हणून कुत्र्याच्या खाण्याचा संसार आमच्या मागच्या व्हरांड्यात थाटायचं ठरलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर बीजींनी त्यात पिन्नीचा लाडू कोंबला. झालं.

गव्हाची कापणी आली की बीजींना गावी परतायचं होतं. घर बंद, शेत वाट्यानं दिलेलं. स्वतः उभं राहिल्याशिवाय धान्य घरात येणार नाही. गुरमेलसिंग म्हणायचा, "जा, पण कुत्रा इथेच ठेव. तिकडे रात्री भुंकलेलं चालत नाही." बीजी म्हणायच्या, "तोंडात काही असलं की तो भुंकत नाही. रात्रभर पुरेल असं मिळालं की नेईन." फुम्मण घरी जाणार की नाही, ते एवढ्यावर अडलं होतं. मला वाटलं, शेजारपाजारचे झोपमोडीनं वैतागत असतील. म्हटलं, त्यात काय, मी शोधते. नसती हौस, दुसरं काय!

नेमका त्याच सुमारास मांसाची दुकानं बंद ठेवा असा बंदूकवाल्या अतिरेकी पोरांचा हुकूम निघाला होता. आमच्या मार्केटातल्या खाटकानंही घाबरून शटर ओढलं. मग आम्ही बस पकडून पंचकुल्याला जायचो. तिकडे हरियाणा, तिकडे दुकान उघडं. येताना नाक्यावर पोलीस पिशव्या तपासायचे. एकानं माझी पिशवी उघडली, आत पाहिलं, माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं आणि पिशवी परत दिली. सासूबाईंनी असं पाहिलं असतं तर मी मेलेच असते.

पहिल्या दिवशी मी चांगलं जाडजूड नळीचं हाड आणलं. कच्चं कसं द्यायचं, शी! जुना कुकर त्यासाठी वेगळा काढला, हळद-हिंग घातलं, तीन शिट्ट्या काढल्या. नेमके तेव्हाच मेजर चौगुले आले. मूळचे कोल्हापूरचे, चंडीमंदिरला लष्करात जनावरांचे डॉक्टर, आणि आमच्या ह्यांचे मित्र. कुकरात डोकावून ते ओरडलेच.

"वहिनी, जीव घ्यायचाय काय त्याचा? शिजवलेलं हाड काचंसारखं फुटतंय! टोक आतड्यात घुसलं की कारभार आटोपला."

"मग कच्चं देऊ?"

"कच्चंच. आणि ही नळी नको. एवढुसं कुत्रं, दात तुटंल. नखानं दाबायचं, खूण उठली तरच घ्यायचं. आणि त्याच्या तोंडापेक्षा मोठं पायजे, गिळता आलं नाही पायजे."

आमचे हे प्रयोगशाळेत उपकरणं बनवतात. ते म्हणाले, "नखाला काय अर्थ आहे? कडकपणा नीट मोजायला हवा." मी म्हटलं, "तुम्ही बसा मोजत." नखाचं ऐकून मला कुत्र्याच्या बाबतीत पहिल्यांदाच आत्मविश्वास आला होता. दुधी भोपळा मी जन्मभर तसाच तर घेत आले. पंचकुल्याच्या खाटकापुढे उभी राहून, नाकाला पदर लावून, मी एकेका तुकड्याला नख लावायचे आणि "हे जून आहे, दुसरं दाखव" म्हणायचे. बिचारा दुसरं दाखवायचा.

मेंढीच्या मानेचा तुकडा आणला. कुत्र्याला फार आवडला. बीजींनी विचारलं, "किन्नी देर चलेगी, पुत्त?" किती वेळ पुरेल? तर पोळ्या लाटून होईपर्यंतच पुरला. बकऱ्याचा वाळवलेला कान आणला, तो चहा उकळेस्तोवर संपला. चांभाराकडून चामड्याची पट्टी आणली, ती मेजरांनीच फेकून दिली, म्हणाले, कमावलेल्या चामड्यात विषारी रसायनं असतात. दर खेपेला बीजींचं तेच: किन्नी देर? चवीचं, दाताचं, पोटाचं काही विचारणं नाही. मी चिडून ह्यांना म्हटलंसुद्धा, म्हातारी हाड निवडतेय की विजेचा दिवा!

शेवटी खाटकानंच म्हशीची वाळवलेली शीर दिली, हातभर लांब. नख लावलं, खूण उठली. वाकते पण तुटत नाही. संध्याकाळी आमच्या व्हरांड्यातच फुम्मणला दिली, आणि सकाळी दूधवाला आला तरी पठ्ठ्या चघळतच होता. अर्धीसुद्धा संपली नव्हती. रात्रभर हूं की चूं नाही. मला इतका आनंद झाला, की तशीच चपला न घालता बीजींकडे धावले.

बीजींची ट्रंक बांधून दारात ठेवली होती. दुपारची बस होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि माझा हात धरून बोलू लागल्या, नेहमीच्याच आवाजात. रात्री ती बंदूकवाली पोरं शेतातून येतात-जातात. कुत्री भुंकली की पोलिसांना सुगावा लागतो. म्हणून निरोप आला होता, आपापली कुत्री तुम्हीच संपवा, नाहीतर आम्ही येऊ. गावात आता एकही कुत्रा नाही. त्यांच्या जावेनं आपल्या कुत्रीला स्वतःच्या हातानं पोळीतून औषध दिलं. "मी एकट्या फुम्मणला उचलून पळाले," त्या म्हणाल्या. "पण तिकडे घरात दुसरं आहे कोण? त्याच्याशीच बोलते मी. सांग पुत्त, रात किन्नी देर चली?"

एकदा, एकदाच ती शीर तोंडातून सुटली तर?

"नाही चालली, बीजी," मी म्हटलं. "जेवणं व्हायच्या आत फस्त केली. मग भुंकू नये म्हणून रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसले."

एवढ्यात फुम्मण माझ्या मागोमाग टुकूटुकू आत आला. तोंडात ती शीर, दोन्ही बाजूंनी लोंबणारी. मेल्यानं थेट बीजींच्या पायाशी आणून ठेवली.

मला मान वर करवेना. बीजींनी शीर उचलली. उलटून पाहिली, सुलटून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हां," त्या म्हणाल्या. "खतम हो गई."

आणि शीर माझ्या हातात दिली.

दुपारी गुरमेलसिंगनं ट्रंक रिक्षात चढवली. मी फुम्मणला कडेवर घट्ट धरून फाटकाशी उभी होते. बीजी रिक्षात बसल्या मात्र, तो जो भुंकायला लागला, की सगळी लाइन दारात आली. बीजींचा हात घाईघाईनं पिशवीत गेला, त्याच्या तोंडात द्यायला काहीतरी शोधायला. मग तो तसाच रिकामा बाहेर आला.

"भुंकू दे त्याला," त्या म्हणाल्या. "इथे भुंकू दे."